घट बसण्याआधी

सोयाबीन कापता कापता सून मधुरिमा मटकन बांधावर बसली आणि जनाबाईंचा विळा हातातच थबकला.

"आई, तारीख केव्हाच उलटली. मी अजून बाहेर नाही बसली."

गौतमपुऱ्याच्या रानात ऊन रणरणत होते. तरी जनाबाईंच्या पाठीतून शिरशिरी गेली. मागच्या बाळंतपणात पोरीचे रक्त थांबता थांबले नव्हते. पुन्हा दिवस राहिले तर जिवाची खात्री नाही, असे शहरातल्या, पलासियाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या लेकाला, विक्रमला बजावले होते.

"अन् ते दिवस पाळायचं? तू अन् विक्रम पाळत होता ना?"

"पाळतच होतो! तुम्ही वाफसा बघून पेरता ना, तसं नर्सदीदीनं अंगाची ओल बघायला शिकवलं. ओल दिसली की दूर राहायचं, कोरडं झालं की टेंशन नाही. पण महालक्ष्म्यांना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या ना तुम्ही, त्यांनीच अंग कोरडं पडलं असेल. आम्ही समजलो, चलो, काही डर नाही."

"मग तेव्हाच दीदीला विचारायचं! अन् मला का नाही बोललीस?"

"तुम्हाला कोण बोलणार? विक्रमला तर तुमच्यासमोर खोकायलाही परमिशन लागते."

एरवी या उत्तरावर शिवार दणाणले असते. आज जनाबाईंनी विळा खाली ठेवला. पुरणाला सोवळ्यातली सून हवी, म्हणून त्यांनीच त्या गोळ्या समोर उभे राहून गिळायला लावल्या होत्या.

"किट आणली?"

"एकच रेघ आली. दीदी म्हणते, अजून भरोसा नाही, परत बघा."

त्यानंतर रोज सकाळी जनाबाई सुनेच्या तोंडाकडे पाहत. ती नकाराची मान हलवी, आणि त्यांचा चहा तसाच निवून जाई. सणावारी सून बाहेर बसली की घर डोक्यावर घेणारी ही बाई घटस्थापनेच्या पहाटे देवीपुढे पदर पसरून म्हणाली, "माये, आज विटाळ दे. तुझे घट मी एकटी बसवीन."

माती कालवायला घेतली, तोच देवघराच्या उंबऱ्याबाहेर मधुरिमा येऊन थांबली. डोळे भरलेले, ओठ हसरे.

"आई, मी... बाहेर आहे."

जनाबाई मातीच्या हातांनीच उंबरा ओलांडून गेल्या आणि तिला छातीशी धरले.

"अहो आई, सोवळं!"

"जळू दे सोवळं. विक्रम, गाडी काढ. त्या गोळ्यांनंतर काय सांभाळायचं, ते डॉक्टरीणबाईंना आज मी स्वतः विचारणार."

आवाज नेहमीसारखाच करडा होता. सुनेच्या खांद्यावरचा मातीचा हात मात्र त्यांनी काढला नाही.