एक चमचा म्हणजे किती?

मित्रांनो, मी एक जुना मापाचा चमचा आहे, आणि मी कुणाचीही माफी मागणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी गोष्ट ऐकणारे अर्ध्यावर आले की माझ्याकडेच डोळे वटारून बघायला लागतात. सध्या माझा मुक्काम धुण्याच्या पावडरीच्या डब्यात आहे. कड चिरली आहे, दांड्यावर लहान दातांच्या खुणा आहेत. पण माझ्या बुडाशी कोरलेला आकडा अजून लख्ख वाचता येतो : तीस ग्रॅम.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक आत, वरून दाब, खालून गार पाणी, आणि पापणी लवायच्या आत आम्ही सोळा भाऊ टपाटप खाली. एका बाईनं आम्हाला एकेक करून उजेडात धरलं. दोघांचं बूड जाड निघालं होतं, त्यांना तिनं बाजूला फेकलं. "रंग कसाही असू दे," ती शेजारणीला म्हणाली, "मापात खोट नको." तेच माझं बाळकडू.

मग मला प्रोटीन पावडरच्या पांढऱ्या डब्यात तळाशी गाडलं गेलं. उकरून काढलं ते ताईनं. कोपरापर्यंत हात पांढरे करून ती मला वर घेऊन आली आणि म्हणाली, "सापडला बाई एकदाचा!"

ताई पार्सलच्या गोदामात खोकी उचलायची. तिचा भाऊ जहाजावर नोकरीला, म्हणून घरात तिघीच : ताई, तिची साडेचार वर्षांची चिमी आणि वहिनी. वहिनी रुग्णालयात नर्स होती आणि तिची जीभ इंजेक्शनपेक्षा टोकदार होती. मी पावडर दुधात ओतताना तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, "दुधाचीच पावडर, ती पुन्हा दुधात! धन्य आहे वन्सं तुमची."

"हसा हसा," ताई म्हणाली. "अग्निशमन दलाची टोपी घालून आले की सलाम ठोकाल."

कारण ताईला आग विझवणाऱ्यांत जायचं होतं. तिथली परीक्षा सरळ होती, पण सोपी नव्हती. चाळीस किलोची वाळूची पिशवी खांद्यावर घ्यायची आणि चार मिनिटांत सहा मजले चढायचे. ताई रोज गोदामातून सुटली की व्यायामशाळेत जायची आणि त्याच इमारतीच्या जिन्यावर सराव करायची. पाचव्या मजल्यावर तिचा दम तुटायचा. तिथं बसून ती पायऱ्यांना शिव्या द्यायची, मग खाली येऊन माझ्या हातचं दूध प्यायची. ते माझे सुखाचे दिवस होते. मी कामाचा होतो, आणि कुणाला माझा त्रास नव्हता.

व्यायामशाळेच्या मालकाला सगळे डबलभाऊ म्हणत. कुणी म्हणालं, दहा उठाबशा काढल्या, की हा म्हणायचा, "मग आता डबल!" परीक्षेला महिना राहिला तेव्हा त्यानं ताईच्या हातात एक लाल डबा ठेवला.

"पाचव्या मजल्यावर दम लागतो ना? दमाचा बंदोबस्त आहे यात. जिना चढायच्या आधी एक चमचा, पाण्यात."

त्या डब्यात निळा, टिकलीएवढा चमचा होता. दहा ग्रॅमचा. तसे तीन माझ्या पोटात मावले असते. आणि त्या पावडरीत होतं कॅफीन. चहा-कॉफीत असतं तेच, मित्रांनो, पण इथं दाबून भरलेलं. निळ्याच्या एका मापात अडीच-तीन कप कडक कॉफी बसवली होती. डब्याच्या पाठीवर ते लिहिलंही होतं, पण इतक्या बारीक अक्षरांत, की मुंगीलाही चष्मा लागावा.

पहिल्याच दिवशी ताई तीन मिनिटं पन्नास सेकंदांत सहावा मजला गाठून आली. डोळे चमकत होते, कान लाल झाले होते. डबलभाऊनं टाळ्या वाजवल्या. मी बॅगेच्या बाजूच्या खिशातून बघत होतो. खरं सांगतो, मला निळ्याचा हेवा वाटला.

पण घरी वेगळंच चाललं होतं. ताई अंथरुणावर पडायची आणि झोप जवळ यायची नाही. सकाळी उठायची ती जळक्या वातीसारखी. चिमीची वेणी घालताना तिचे हात थरथरायचे.

"आई, भांग वाकडा झाला," चिमी म्हणाली.

"तू नीट बस आधी! किती हलतेस!"

चिमी हललीच नव्हती. वहिनीनं कंगवा काढून घेतला, ताईचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली.

"बसल्याबसल्या शंभरच्या वर आहे नाडी. काय घेताय?"

"काही नाही. दम वाढवायची पावडर."

"दम वाढला नाही वन्सं. दम लागला म्हणून ओरडणारी घंटा आहे ना आत, तिच्यात बोळा कोंबलाय तुम्ही. थकवा आहे तिथंच आहे."

"परीक्षा झाली की सोडते. आठ दिवस राहिलेत."

"हृदयाला तारीख कळत नाही," वहिनी म्हणाली आणि वेणी घालायला बसली.

आता ऐका, त्याच दिवसाची गोष्ट. आदल्या संध्याकाळी चिमीनं तिच्या बाहुलीला जेवायला वाढलं होतं, आणि बाहुलीच्या तोंडात मावेल असा चमचा घरात एकच होता. निळा. तो बाहुलीच्या ताटातच राहिला. ताईनं व्यायामशाळेत लाल डबा उघडला तर आत चमचा नाही. तिनं हातानं पावडर उकरली, बॅग चाचपली. तिचा हात मला लागला.

"हा दुसऱ्या डब्यातला आहे," ती म्हणाली. "मोठा दिसतोय जरा."

डबलभाऊ वजनाच्या चकत्या पुसत होता. त्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. "अगं, चमचा तो चमचा! घाल एक आणि लाग कामाला."

मी ओरडलो. माझ्या बुडावर लिहिलंय ते वाचा, म्हणून जीव तोडून ओरडलो. पण चमच्याला तोंड नसतं, नुसतं पोट असतं. ताईनं मला काठोकाठ भरलं, पाण्यात रिकामं केलं आणि घटाघटा प्यायली. सात-आठ कप कडक कॉफी, उपाशी पोटी, एका दमात.

पहिले दोन मजले ती पळत गेली. तिसऱ्यावर पिशवी खाली पडल्याचा आवाज आला. ताई भिंतीला धरून ओकत होती, बोटं वाकडी होत होती आणि छातीत कुणी दार बडवावं तसं धडधडत होतं. डबलभाऊ खालून ओरडला, "पावडर चढलीय बघ आता! सोडू नकोस, डबल जोर लाव!" ताईनं मात्र जिन्यातच बसकण मारली आणि वहिनीला फोन लावला. तेवढं शहाणपण तिच्यात शिल्लक होतं, म्हणून ही गोष्ट मी तुम्हाला सांगू शकतो आहे.

रुग्णालयात तिच्या छातीला तारा चिकटवल्या. नाडी एकशे सत्तर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय घेतलं होतंत?"

"व्यायामाआधीची पावडर."

"किती?"

"एक चमचा."

डॉक्टरीणबाईंनी लाल डब्याची पाठ वाचली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "एका चमच्यानं एवढं व्हायला नको. मग हृदयातच काही बिघाड आहे का, ते शोधावं लागेल."

तेव्हा वहिनीनं बॅग उलटी केली. मी फरशीवर पडलो, पोटाला लाल पावडर चिकटलेला. तिनं मला उचललं, उलटं केलं आणि वाचलं.

"तीस! डॉक्टर, हिनं तिप्पट घेतलंय."

सगळी धावपळ क्षणात वेगळी झाली. काय शोधायचं ते कळलं. "यावर उतारा असा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीर हे हळूहळूच बाहेर टाकतं. तोवर सलाइन लावू आणि हृदयावरून नजर हटवायची नाही. ज्यांचं हृदय आधीच अधू असतं, ते कधी कधी इथवर पोचतच नाहीत."

दुसऱ्या सकाळपर्यंत पडद्यावरचा आकडा नव्वदवर आला. तेव्हा डबलभाऊ भेटायला आला. स्टुलावर टेकला आणि घसा साफ करून म्हणाला, "पावडर एकदम चांगली आहे हं ताई. चमचा चुकला. पोरीनं खेळायला नेला म्हणे. लहान मुलांच्या हाताशी वस्तू ठेवायच्याच नसतात."

कोपऱ्यात मला हातात धरून चिमी उभी होती. तिनं माझा दांडा तोंडात धरला आणि कचकन चावला. डोळे भरून आले होते.

ताई तारांसकट उठून बसली. "माझ्या पोरीचं नाव घ्यायचं नाही, डबलभाऊ. तिनं बाहुलीला जेवू घातलं. तुम्ही मला काय घातलंत? सांगा, त्या डब्यात कॅफीन किती आहे?"

"ते... लिहिलेलं असतं गं."

"तुम्ही विकता. तुम्ही सांगा."

डबलभाऊ स्टुलावरून उठला. त्याला आकडा ठाऊकच नव्हता, मित्रांनो! "आणि मीही वाचलं नाही," ताई म्हणाली, "ती चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही. इकडे ये गं चिमे, माझ्यापाशी."

आठ दिवसांनी, हृदय पुन्हा तपासून झाल्यावर, डॉक्टरीणबाईंच्या परवानगीनं ताई परीक्षेला गेली. सकाळी नुसतं पाणी प्यायली. मी बॅगेत, बॅग चिमीच्या मांडीवर, चिमी वहिनीच्या शेजारी. चौथ्या मजल्यावर ताईला दम लागला. ती थांबली, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, तीन श्वास घेतले आणि पुन्हा चढू लागली. पाचव्याच्या वर, अर्ध्या जिन्यावर शिटी वाजली.

"वेळ संपली," अधिकारी म्हणाले. "पिशवी ठेवा, बाई."

"ठेवते. वर गेल्यावर."

"अहो, आता गुण मिळणार नाहीत."

"नकोत."

आणि ती वर गेली. शिटीनंतर नऊ सेकंदांनी सहाव्या मजल्यावर पिशवी धप्पकन आदळली. अधिकाऱ्यांनी कागदावर 'अनुत्तीर्ण' लिहिलं, मग वर बघत म्हणाले, "पाच महिन्यांनी पुन्हा भरती आहे. याच."

वहिनीनं तिथंच, भर मैदानात, कडक सलाम ठोकला.

लाल डबा मोरीत रिकामा झाला. वहिनी मलाही फेकणार होती, पण ताई म्हणाली, "त्याला का? एकटा तोच खरं बोलला." तेव्हापासून मी साबणाच्या पावडरीत आहे. कुणी माझ्याकडे बघत नाही, आणि माझं काही अडत नाही.

पण तुम्हाला एक बजावून सांगतो. विनवणी नाही, बजावणं आहे. कुणी तुमच्यापुढे ताकदीचा डबा ठेवला, तर आधी विचारा : यात काय आहे आणि किती आहे? देणाऱ्याला सांगता येत नसेल, तर तो डबा त्याच्याच हातात परत द्या. "चमचा तो चमचा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आणि चुकून काही घेतलंत, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

ताई अजून रोज जिना चढते. कालच मोरीच्या दारातून ऐकू आलं. चिमी विचारत होती, "आई, आज दम लागला?"

"लागला की."

"मग?"

"मग थांबले. लाज कसली त्यात? माझाच दम आहे."