मागच्या खोलीतला हात

बेकरीवाल्या बाईंनी पिशवीतून कापड काढलं आणि काउंटरवर पसरायच्या आधीच विचारलं, “हात कुणाचा लागणार याला?”

“माझाच. दुसऱ्या कुणाचा लागणार?” दुकानाची मालकीण, घरातली थोरली जाऊ, म्हणाली.

गोधड्यांच्या त्या दुकानात हा प्रश्न रोजचा होता. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधडीचा वरचा थर बायका घरीच करायच्या. पण आत जुनी मऊ कापडं घालायची, खाली अस्तर लावायचं, सगळे थर नक्षीच्या टाक्यांनी एकजीव करायचे आणि कडेने गोट फिरवायचा, हे पुढचं काम सगळ्यांना जमत नसे. ते या दुकानात यायचं. रोजच्या वापराची गोधडी असली तर कुणी काही विचारत नसे. बाळाची किंवा नव्या संसाराची असली की मात्र हाताची चौकशी व्हायची. मूलबाळ नसलेल्या विधवेने अशा गोधडीला हात लावू नये, तिच्या मनातला हेवा टाक्यांतून आत उतरतो आणि पांघरणाऱ्याला बाधतो, असा गावात समज होता. तो कुणी काढला हे कुणालाच सांगता आलं नसतं. समजांचं एक बरं असतं, त्यांना आईबाप लागत नाहीत.

“आणि तुमची ती धाकटी जाऊ?” बाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

“ती स्वयंपाकघर सांभाळते. सुईला शिवतसुद्धा नाही.”

पडद्यामागे, मागच्या खोलीत जमिनीवर बसून, धाकटीने दाताने दोरा तोडला.

“नक्षी कोणती घालाल?”

“ते असं उभ्या उभ्या नाही सांगता येत, बाई. कापड उजेडात धरून बघावं लागतं.” असं म्हणून थोरली कापड घेऊन पडद्याआड गेली. मागच्या खोलीला एकच झरोका होता, त्यामुळे उजेडाची गोष्ट बाईंच्या लक्षात यायला हवी होती. आली नाही.

धाकटीने कापडावरून तळवा फिरवला. कुणाच्या तरी निळ्या शर्टाचे, चौकड्याच्या फ्रॉकचे आणि पडद्याचे तुकडे होते ते. ती हळूच म्हणाली, “वेलबुट्टी नको यावर. चौकडा आधीच एवढी बडबड करतोय. साध्या लाटा घालू, जवळजवळ. आणि दोरा राखाडी. बाळाच्या बोटाला ती ओळ लागते, त्यावरून बोट फिरवत झोपतं ते.”

थोरली बाहेर आली. “लाटा,” तिने जाहीर केलं, “आणि राखाडी दोरा. बाळाच्या बोटाला ओळ लागते.”

“तुमच्या बोटांना डोळे आहेत हो, ताई,” बाई म्हणाल्या.

थोरली हसली, पण हे कौतुक तिला गोड लागलं नाही. वर्षानुवर्षं तिचं असंच चाललं होतं. कौतुक यायचं तिच्या नावावर आणि पचायचं मात्र नाही, कारण ते कुणाचं आहे हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं की भूक भागते, पण ठसका लागतो. बाई गेल्यावर तिने पडदा सारला आणि धाकटीला उगीचच म्हणाली, “कचरा केवढा केलायस दोऱ्यांचा. झाडायला मीच यायचं का?”

धाकटी या घरात आली आणि संसाराला रंग चढतो न चढतो तोच तिचा नवरा अपघातात गेला. पदरी मूल नव्हतं. माहेरी कुणी नेलं नाही, सासरी कुणी ‘जा’ म्हटलं नाही. म्हणजे उपकारच की. तिच्या हातातली कला थोरलीने पाहिली आणि तिला मागची खोली दिली. थोरली दिवसभर दुकानात आणि तिची लेक, जिला घरात सगळे चिमणी म्हणत, ती मागच्या खोलीत काकूच्या मांडीवर. पोरीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘काकू’. घरातले हसले होते. थोरलीही हसली होती, पण तो शब्द तिने मनात जपून ठेवला, जशी काही माणसं काटा जपून ठेवतात.

आणि धाकटी? ती काही देवी नव्हती. थोरली लेकीची वेणी घालायला बसली की धाकटी तोंड फिरवून घ्यायची. पुढच्या खोलीची ती मोठी खिडकी, तिथली खुर्ची, येणारीजाणारी माणसं, सगळ्याचा तिला हेवा वाटायचा. मग ती सुईत दोरा ओवायची आणि टाके घालत बसायची.

बेकरीवाल्या बाईंना नातू झाला. लाटांची गोधडी त्याच्या पाळण्यात गेली. पुढे काही महिन्यांनी, लग्न होऊन सासरी गेलेली चिमणी बाळंतपणासाठी माहेरी आली. पोट चांगलंच पुढे आलं होतं, पाय सुजले होते आणि हातात गाठोडं होतं. तिने ते पुढच्या खोलीत ठेवलंच नाही. सरळ पडदा सारून आत गेली आणि काकूपुढे सोडलं. तिच्या लहानपणचे फ्रॉक होते, कापून जोडलेले, वाकडेतिकडे.

“काकू, याची गोधडी तू करायचीस. नक्षी तूच निवड, मला विचारूसुद्धा नकोस.”

धाकटीने एक पिवळा तुकडा ओळखला. त्यावर कधीकाळी दूध सांडलं होतं, तो डाग अजून होता.

दारातून थोरली म्हणाली, “मी करीन.”

“तू?” चिमणी खळखळून हसली. “आई, तुला कुठे येतं?”

पोर साधेपणाने बोलून गेली, पण थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुपारी लेक झोपल्यावर तिने जावेला स्वयंपाकघरात गाठलं.

“त्या गोधडीला तू हात लावायचा नाहीस.”

“का, जाऊबाई?”

“का म्हणून काय विचारतेस? तुला माहीत नाही?”

धाकटी म्हणाली, “बेकरीवाल्या बाईंच्या नातवाला माझा हात चालला.”

“ते लोकांचं होतं. हे माझं नातवंड आहे.”

वाचकहो, आपल्याकडच्या सगळ्या रूढींचं मर्म या दोन वाक्यांत आलं. लोकांच्या पोरांना चालतं ते आपल्या पोराला चालत नाही, आणि तरीही आपण भले. गावभरच्या पाळण्यांत धाकटीचे टाके पाठवताना थोरलीला एकदाही भीती वाटली नव्हती. आता वाटली. तिचा त्या समजावर खरोखर विश्वास होता का? अर्धा असेल. उरलेल्या अर्ध्या जागेत तो ‘काकू’ हा शब्द बसला होता.

थोरलीने गोधडी स्वतः करायला घेतली. दुकानाची मालकीण असून ती कधी टाक्यांना बसली नव्हती. कापडं घ्यायची, द्यायची, गोट निवडायचा एवढंच. तिने साबणाच्या चिपडीने कापडावर सुंदर पानांची नक्षी आखली, कारण जावेला ती पानं आखताना तिने पाहिलं होतं. आणि शिवायला सुरुवात केली कडेपासून. चारी बाजूंनी आत आत येत गेली. बोटांना सुया टोचल्या, पाठ मोडून आली. धाकटी पडद्याशी येऊन एकदा म्हणाली, “जाऊबाई, मधून सुरू करा. मधून बाहेर.”

“मला शिकवू नकोस,” थोरली म्हणाली. तिला वाटलं, ही आता आपलं काम बिघडवायला बघते आहे.

गोधडी पुरी झाली तेव्हा थोरलीने ती काउंटरवर पसरली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिच्यासारख्या व्यवहारी बाईला कळायला हवं होतं. पण तिला लेकीला दाखवायचं होतं. बेकरीवाल्या बाई पाव द्यायला आल्या होत्या, त्यांनाही तिने थांबवून घेतलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

चिमणीने गोधडीवरून हात फिरवला आणि तिचा हात मध्यावर अडला. कडेपासून शिवत आल्यामुळे वरच्या कापडाचा सगळा ढिलेपणा मधोमध येऊन साठला होता. तिथे भट्टीतल्या पावासारखा फुगा आला होता. दाबला की दुसरीकडे सरकायचा, पण जायचा नाही. बाळाची पाठ नेमकी तिथेच आली असती.

बेकरीवाल्या बाईंनी वाकून पाहिलं. “ताई, हा तुमचा हात नाही. आमच्या पोराची कशी झालीय, पाण्यासारखी सपाट.”

थोरलीचं तोंड उतरलं. लेकीच्या चेहऱ्यावर कीव दिसली आणि तीच तिला सोसली नाही.

“नजर लागली हिला,” ती मोठ्याने म्हणाली. “घरातलीच नजर. पडद्याआडून बघत बसते, मेली जळते माझ्या पोरीवर. मग असंच होणार.”

“आई!” चिमणी म्हणाली. “काय बोलतेस? इथून गेलेली एकूण एक गोधडी काकूने केलीय.”

बेकरीवाल्या बाईंचा हात हळूहळू छातीशी गेला. “आमचीसुद्धा?”

पडदा हलला आणि धाकटी बाहेर आली. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक असताना ती कधी पुढच्या खोलीत आली नव्हती. उजेडाने तिचे डोळे बारीक झाले.

“तुमचीसुद्धा,” ती म्हणाली. मग जावेकडे वळली. “जाऊबाई, खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटतो. तुम्ही हिची वेणी घालायचात तेव्हा वाटायचा. आज हिचं पोट बघूनही वाटला. तुम्हालाही माझा वाटतोच की, हिने पहिल्यांदा मला हाक मारली तेव्हापासून. पण तुमच्या हेव्याला लोक राग म्हणतात, फार तर स्वभाव म्हणतात. माझा हेवा मात्र बाधतो. मला पोर नाही, नवरा नाही, एवढ्यावरून?”

“गिऱ्हाइकापुढे शोभतं का हे?” थोरली पुटपुटली.

“आजपर्यंत शोभेल असंच वागले. आता मागच्या खोलीत बसायची नाही मी. बसले तर इथे, खिडकीशी. ज्याला माझा हात चालेल त्याने द्यावं, नाही चालणार त्याने देऊ नये. आणि लपून तर चिमणीच्या बाळाचीसुद्धा करणार नाही.”

हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फाटला. तीच एक गोधडी तिला जन्मभर करावीशी वाटली होती.

बेकरीवाल्या बाई पावाची पाटी तिथेच टाकून लगबगीने घरी गेल्या. बातमी त्यांच्याही आधी गल्लीच्या टोकाला पोचली. दुसऱ्या दिवशी दोघीतिघी येऊन आपापली अर्धवट कापडं परत घेऊन गेल्या. एकीने तर कापड रुमालात धरून उचललं, बोट लागायला नको म्हणून. धाकटी खिडकीशी बसून हे बघत होती. तिच्या मांडीवर थोरलीने केलेली गोधडी होती आणि ती तिचे टाके एकेक करून उसवत होती. समोरच्या चिंधीत सुई दोऱ्याशिवाय तशीच टोचलेली होती.

“झालं समाधान?” थोरली म्हणाली. “दुकान बसलं.”

धाकटीने पुढचा टाका उसवला. चिमणी येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तीही उसवायला लागली.

दुपारी बेकरीवाल्या बाई आल्या. बगलेत लाटांची गोधडी होती आणि तिचा गोट एका बाजूने लोंबत होता. थोरलीला वाटलं, आता ही तोंडावर फेकणार.

बाईंनी गोधडी काउंटरवर ठेवली. “काल घरी गेले आणि उसवायलाच बसले. म्हटलं, तिचे टाके तेवढे काढून टाकावेत. गोट निघाला. आतले काही निघेनात. इतके बारीक आणि इतके दाट! कात्रीचं टोकसुद्धा शिरेना.” त्या काउंटरपुढच्या बाकावर टेकल्या. “तेवढ्यात सून आली. म्हणाली, सासूबाई, पोर जन्मल्यापासून यातच झोपतंय, गुटगुटीत झालंय. काय बाधायचं राहिलंय आता? आणि ते पोर, पांघरूण काढलं म्हणून इतकं रडलं की विचारू नका. लाटेवर बोट फिरवल्याशिवाय डोळा मिटत नाही त्याचा.”

खिडकीशी धाकटीने मान वर केली.

“गोट परत लावून हवाय,” बाई थोरलीकडे बघत म्हणाल्या. “पण पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा तुम्ही मला फसवलंत. आज परत विचारते. हात कुणाचा लागणार?”

थोरलीने खिडकीकडे पाहिलं. खुर्ची, उजेड, मांडीवर फ्रॉकांचे तुकडे, आणि पायाशी तिचीच लेक, काकूच्या गुडघ्याला टेकून. तिच्या छातीत तोच जुना काटा सलला. हेवा असा एका दिवसात जात नाही, आणि तिचाही गेला नव्हता. तरी कालची ती फुगलेली गोधडी तिला आठवली, आणि त्यावर झोपणारं बाळही.

“जावेचा,” ती म्हणाली.

“मोठ्याने सांगा ताई, बाहेर बायका उभ्या आहेत.”

“माझ्या धाकट्या जावेचा.” मग ती लोंबत्या गोटाची गोधडी घेऊन खिडकीशी गेली. जाताना काउंटरवरची साबणाची चिपडी उचलायला मात्र विसरली नाही. ती तिने जावेच्या हातात ठेवली. “आणि पोरीच्या गोधडीचं काय ते ठरव आता. मधून सुरू करतात म्हणे.”

धाकटीने पिवळा, डाग पडलेला तुकडा शोधला, तो मधोमध आहे असं पाहिलं आणि त्यावर पहिली रेघ ओढली.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात अशी एक मागची खोली असते. तिथून येणारं काम आपण पांघरतो, खातो, नेसतो आणि करणारीला शुभकार्यात पडद्याआड ठेवतो. आज घरी गेल्यावर आपल्या पाळण्यातली गोधडी जरा उलटी करून बघा, आणि विचारा, हात कुणाचा. उत्तर देताना आवाज खाली येत असेल, तर उसवायला आपल्यापासूनच सुरुवात करावी लागेल.