परवीनचे बुधवार

"पेनं वेगवेगळी घ्या," सुजित म्हणाला. "एकाच शाईत दिसलं की लगेच कळतं."

उद्या चाकणच्या मोठ्या गिऱ्हाईक कंपनीकडून ऑडिट होतं आणि भोसरीतल्या त्या ब्रॅकेट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सगळे कामाला लागले होते, म्हणजे रजिस्टरं भरायच्या कामाला. कुणी मशीनच्या तेलपाण्याची तीन महिन्यांची पानं एका बैठकीत उरकत होतं, कुणी आग विझवायच्या सिलिंडरच्या तपासणीवर मागच्या तारखांच्या सह्या ठोकत होतं. पान वापरलेलं दिसावं म्हणून मधूनच ग्रीसचा अंगठाही उमटत होता. यात कुणाला काही गैर वाटत नसे. ऑडिट म्हटलं की हे आलंच.

डिस्पॅचची परवीन शेख तेवढी हाताची घडी घालून बसली होती. समोर तिची लांबट वही उघडी होती आणि वहीतल्या तीन ओळी कोऱ्या होत्या.

परवीन पंधरा वर्षांपूर्वी इथं पॅकिंगला लागली. दिवसा खोकी चिकटवायची, संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास, असं करत ती डिस्पॅचच्या खुर्चीवर आली. ती खुर्ची तिने कमावली होती आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. त्या खुर्चीवर नवी असताना एकदा बिलावर डिजिटल सहीच होईना. ब्राउझरला जोडलेला सहीचा छोटा प्रोग्राम, म्हणजे एक्स्टेंशन, जुना झाला होता. भरलेली गाडी चार तास गेटवर उभी, आणि एक्स्टेंशन कशाशी खातात हेही तिला ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली. तिने चार जणांना विचारून ते समजून घेतलं, आणि तेव्हापासून दर बुधवारी ती ऑफिसच्या अकराही कॉम्प्युटरांवरून फिरायची. एक्स्टेंशनची यादी उघडायची, अपडेट दाबायचं, नको ते काढून टाकायचं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा आणि वहीत लिहायचं.

"आल्या परवीनताई झाडू मारायला," लोक चिडवायचे.

"उठा मग, कचरा तुमच्याच खुर्चीखाली हाय," ती म्हणायची.

चार महिन्यांपूर्वी सुजित मॅनेजर म्हणून आला. पोरगा हुशार, फक्त घाई फार. "ताई, ती आपोआप अपडेट होतात. अर्धा दिवस कशाला घालवता? बंद करा हे."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण अर्धंच. अपडेट आपोआप येतं. पण वापरात असलेल्या एक्स्टेंशनला ते लागायला ब्राउझर एकदा बंद व्हावा लागतो, आणि इथं तो कुणी बंदच करत नसे. गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर पुन्हा शिरायचं तर ओटीपी मालकांच्या, उद्धवरावांच्या मोबाइलवर जाई, आणि ते गावाकडे असले की फोन उचलत नसत. म्हणून प्रत्येक स्क्रीनला 'बंद करू नये' असा कागद डकवलेला, त्यावर दसऱ्याचं हळदकुंकू. उद्धवराव बुधवारी हमखास ऑफिसात असत, म्हणून परवीनने बुधवार धरला होता.

सुजितने सांगितलं म्हणून ती तीन बुधवार थांबली. तिसऱ्या आठवड्यात सात नंबरच्या कॉम्प्युटरवर सही अडली आणि गाडी दीड तास खोळंबली. चौथ्या बुधवारी कुणाला न विचारता परवीनने वही काढली.

"तेवढ्या तीन ओळी भरा ना ताई," सुजित आता म्हणत होता.

"ते बुधवार झालेच नाहीत, सर."

"कुणाला कळणारे?"

"मला कळतंय की."

सुजितने आवाज खाली आणला. "हे बघा, मार्क गेले तर ऑर्डर जाईल. मग तुम्हाला परत पॅकिंगला पाठवतील. मी काही करू शकणार नाही."

पॅकिंगला आठ तास उभं राहायचं, आणि आपले गुडघे आता ते करू देणार नाहीत, हे परवीनला पक्कं माहीत होतं. तिने पेन उचललं, कोऱ्या ओळीवर धरलं, आणि टोपण लावून खाली ठेवलं.

"पॅकिंग मला येतं, सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर उत्कर्षा मॅडम आल्या. त्यांनी तेलाचं रजिस्टर चाळलं, सिलिंडरचं चाळलं, स्वतःच्या कागदावर लिहीत राहिल्या. मग विचारलं, "ब्राउझरची एक्स्टेंशन कोण बघतं?"

परवीनने वही पुढे केली. मॅडमचं बोट पानावरून उतरत त्या तीन ओळींवर थांबलं. "हे काय?"

"त्या तीन बुधवारी पाहिलं नाही, मॅडम. थांबायला सांगितलं, मी थांबले. थांबायला नको होतं. खाली लिहिलंय बघा, गाडी किती वेळ अडकली ते."

सुजित भिंतीकडे बघत होता. परवीनने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"एक मशीन तपासू या. तुमचाच लॅपटॉप दाखवा," मॅडम सुजितला म्हणाल्या. त्यावर सवलतीची कुपनं शोधून देणारं, दोन वर्षं हात न लागलेलं एक्स्टेंशन निघालं.

"वहीत अकरा आहेत," परवीन शांतपणे म्हणाली. "हा बारावा. माझ्याकडे कधी आला नाही."

सुजितचे कान लाल झाले. मॅडमनी वही परत ओढून घेतली. "सकाळपासून बघतेय, कुणाचं काही राहिलेलंच नाही. राहिलेलं लिहिलंय ते फक्त इथं." त्यांनी कोऱ्या ओळींच्या कडेला सही केली, तारीख घातली. तेलाच्या आणि सिलिंडरच्या रजिस्टरांवर शेरे आले, पण ऑर्डर राहिली. परवीनची खुर्चीही राहिली. त्या संध्याकाळी ती मान ताठ ठेवून घरी गेली आणि नवऱ्याला सगळी हकीकत दोनदा ऐकवली.

पुढच्या बुधवारी अकरा कॉम्प्युटर उरकून ती वही मिटणार, तोच सुजितच्या केबिनचं दार उघडं दिसलं. सुजित चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा होता. टेबलावर लॅपटॉप चालू होता, ब्राउझर आधीच बंद केलेला, आणि खुर्ची दाराकडे वळवून ठेवलेली.

परवीन त्या खुर्चीत बसली. काम संपल्यावर तिने वहीत अकराच्या खाली बारा लिहिलं.