पाणी कुठे मुरतंय?

मी बोलतेय. हो, मीच! कोपऱ्यावर उभी आहे ना, छतावर 'शिकाऊ' अशी पाटी मिरवणारी निळी गाडी? तीच मी. पुढचा बंपर थोडा तिरका दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. तो एका शिकाऊ वकिलाचा पराक्रम आहे. माझं वय सोळा. माणसाचं सोळावं वर्ष म्हणजे सगळं पुढेच पडलेलं. गाडीचं सोळावं म्हणजे घरात 'हिचं आता काय करायचं' ही चर्चा सुरू. पण गेल्या महिन्यात माझ्या बाबतीत जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा पहिला मालक चष्म्याचा दुकानदार. त्याने मला इतकं जपलं की सहा वर्षांत सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. घर ते दुकान, दुकान ते घर. जगात चौथा गिअर असतो हे मला बाईंकडे आल्यावर कळलं.

बाई म्हणजे माझ्या आताच्या मालकीण. गाडी चालवायला शिकवतात. मला घेतल्या घेतल्या त्यांनी शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक बसवून घेतला. तेव्हापासून मी दोन ब्रेकची गाडी. एक शिकणाऱ्याचा आणि एक देवाच्या जागी बसलेल्या बाईंचा!

दहा वर्षांत मी चारशेच्या वर माणसं शिकवली. मी हे अभिमानाने सांगते, कारण क्लच माझा झिजलाय. काय काय माणसं! कोणी वळायचा दिवा लावायला जातं आणि वायपर सुरू करतं. कोणी आरसा नीट करण्याच्या नावाखाली केस नीट करतं. एक पहिलवान तर गाडी बंद पडली की मलाच 'सॉरी' म्हणायचा.

आणि मग शिट्टीमावशी आल्या.

वय एकसष्ट. उंची इतकी बेताची की सीटवर उशी लागायची. एकतीस वर्षं कुकरच्या कारखान्यात तपासणीला होत्या. कुकरात वाफ भरायची, झाकण कुठून गळतंय का बघायचं आणि शिक्का मारायचा. म्हणून सगळे शिट्टीमावशी म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. परीक्षेत दोनदा नापास झालेल्या. दोन्ही वेळा चढावर गाडी मागे गेली.

"मावशी, या वयात एवढा अट्टहास कशाला?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"माझी ताई तिकडे गावाबाहेर असते ना," मावशी म्हणाल्या. "अंथरुणाला खिळलीय. बसने जायला दोन तास, आणि शेवटची परतीची बस चारला. जेमतेम तासभर बसते तिच्यापाशी. ती काही बोलत नाही, पण साडेतीन वाजले की घड्याळाकडे बघायचं टाळते. आमच्या ह्यांची गाडी दारात उभी आहे. चालवणारे गेले, गाडी राहिली. मी चालवली की झालं."

 बाई नुसतं म्हणाल्या, "क्लच दाबा. पुन्हा एकदा चढ."

तिसऱ्या परीक्षेची तारीख सोमवारची होती. ती चुकली तर पुढची तीन महिन्यांनी. आणि आदल्या मंगळवारी, त्याच चढावर, माझ्या अंगातून वाफ निघाली.

खरं तर मला महिनाभर बरं नव्हतं. टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं गुलाबी पाणी, कमी व्हायचं. बाई सकाळी बघायच्या, "अरेच्चा!" म्हणायच्या आणि बाटलीभर नळाचं पाणी ओतून कामाला लागायच्या. माणसांची ही एक गंमतच आहे. पाणी कमी झालं की भरतात, पण ते गेलं कुठे हे कोणी विचारत नाही! माझ्याखाली थेंब दिसायचा नाही. जमीन कोरडी ठणठणीत.

त्या दिवशी काटा सरसर वर चढला. बाईंनी ब्रेक दाबला, मला कडेला घेतलं, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि फडकं घेऊन हात थेट टाकीच्या झाकणाकडे नेला.

"हात मागे घ्या!" मावशी केवढ्यांदा ओरडल्या! पलीकडून सायकलवर चाललेला माणूससुद्धा थांबला. "वाफ उतरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. माझ्या मैत्रिणीचा हात गेलाय असा."

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. मग दोघी कठड्यावर शेजारी शेजारी बसल्या, चाळीस मिनिटं, माझ्याकडे बघत. दवाखान्याबाहेर बसावं तशा.

दुसऱ्या दिवशी मला काचेच्या दारांच्या मोठ्या गॅरेजात नेलं. तिथे फरशी इतकी चकचकीत की मला माझंच पोट दिसत होतं. इस्त्रीच्या शर्टातला एक साहेब आला. इंजिन सुरू करायला लावलं. सकाळचा गारठा होता, मागून थोडी पांढरी वाफ आली. झालं! त्याने मान हलवली.

"खाली गळती नाही, पाणी जातंय, मागून पांढरा धूर. म्हणजे हेड गॅस्केट गेलंय, इंजिनाच्या डोक्याखालचं सील. पाणी इंजिनातच जळतंय. इंजिन उघडावं लागेल."

आकडा ऐकून बाईंनी बोटं मोजली. त्या सगळे हिशेब शिकाऊंच्या फीमध्ये करतात. "बारा शिकाऊ," त्या पुटपुटल्या.

"या गाडीची किंमतच सहा शिकाऊ नाही," घरी त्यांचा नवरा म्हणाला. वाईट माणूस नाही हो तो. आदल्या दिवशी बायको रस्त्याच्या कडेला अडकली होती, त्याची धास्ती घेतली होती त्याने. "भंगारात दे. नाहीतर हे बघ, मी काय आणलंय." त्याने पिशवीतून एक बाटली काढली. "हे टाकीत ओतायचं, भोक आपोआप बुजतं."

"आणि नाही बुजलं तर?"

"तर भंगारात. तुझ्या जिवापेक्षा गाडी मोठी आहे का?"

 मी अंगणात उभी राहून सगळं ऐकत होते. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला होता. कारण पाणी इंजिनात जळत नव्हतं! मला माहीत होतं, पण मला तोंड कुठे आहे? हॉर्न आहे, तोही कोणी दाबला तर.

गुरुवारी मावशी शिकवणीला आल्या, ठरल्या वेळेला. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "मावशी, माफ करा. सोमवारी गाडी मिळेल असं वाटत नाही."

मावशींचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "त्यांनी तपासलं कसं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे दाब देऊन बघितलं का? का नुसतं लांबून बघून सांगितलं? आमच्याकडे असं लांबून बघून शिक्का मारला असता तर साहेबांनी घरी बसवलं असतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बसा गाडीत. आज तुम्हीच चालवा. हळूहळू, काट्यावर नजर ठेवून. मिस्त्रींकडे जाऊ."

मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे दोन गाड्यांपुरती पत्र्याची शेड. मिस्त्री बोलतात कमी. त्यांनी आधी तेलाच्या टोपीची आतली बाजू बोटाने पुसून पाहिली. "दुधासारखं झालेलं नाही. तेलात पाणी नाही." मग टाकीच्या तोंडावर एक काचेची नळी लावली. तिच्यात निळं औषध होतं. "इंजिनातला धूर पाण्यात येत असेल तर हे पिवळं होईल."

इंजिन चालू. एक मिनिट, दोन, पाच. सगळे त्या नळीकडे टक लावून! निळं ते निळंच राहिलं.

"हेड गॅस्केट शाबूत आहे," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी इतका मोठा श्वास सोडला की माझा आरसा धुरकटला असता! पण आनंद टिकला नाही. मला गार होऊ दिल्यावर मिस्त्रींनी टाकीला हातपंप लावून आत दाब भरला आणि पंपाचा काटा बघत बसले. दहा मिनिटं. काटा हलेना. म्हणजे गळती नाहीच!

"मग पाणी जातंय कुठे?" बाई वैतागल्या.

"कुठेतरी पाणी मुरतंय खरं," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. त्यांनी नवऱ्याने दिलेली बाटलीही पाहिली आणि बाजूला ठेवली. "हे ओतू नका. भोक बुजवेल, पण सोबत हीटरच्या बारीक नळ्याही बुजवेल."

एवढा वेळ मावशी उशी पोटाशी धरून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "मी एक विचारू का? मला गाडीतलं काही कळत नाही."

"विचारा की."

"आमच्याकडे काही कुकर गार असताना दाब धरायचे. तापले की गळायचे. रबर तापल्यावर वेगळं वागतं. तुम्ही गाडी गार करून, बंद ठेवून बघितलीत. ती गळते तेव्हा तापलेली असते आणि आतलं सगळं फिरत असतं. मग ती तापलेली आणि फिरती असतानाच बघायला नको?"

 मिस्त्रींनी पान्हा घेतला आणि माझ्या कुशीवरचं प्लास्टिकचं आवरण खोलायला सुरुवात केली. काय सांगू, माझा आनंद गगनात मावेना! तिथेच, नेमकं तिथेच!

आवरण निघालं. त्यांनी मला सुरू केलं आणि अर्धा तास तापू दिलं. मग एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दांडीचा छोटा आरसा घेऊन खाली वाकले.

"बाई, इकडे या. मावशी, तुम्ही आधी या."

आरशात दिसत होता माझा वॉटर पंप. पाणी इंजिनभर फिरवतो तो. त्याच्या खालच्या बारीक भोकातून एक गुलाबी थेंब आला, गरम लोखंडावर ओघळला आणि चर्र करून नाहीसा झाला. जिथून गेला तिथे गुलाबी भुकटीची रेघ राहिली. महिनाभराच्या रेघा होत्या तिथे, थरावर थर. जमिनीवर थेंब पडणार कसा? वाटेतच त्याची वाफ होत होती.

"सापडली!" मावशींनी टाळी वाजवली. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा हसले असावेत, कारण ते त्यांना नीट जमलं नाही.

पण बाईंनी लगेच 'करा दुरुस्त' म्हटलं नाही. त्या स्टुलावर बसल्या आणि विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. तुमची गाडी असती तर पैसे घातले असते का?"

"खालून बघू द्या, मग सांगतो."

त्यांनी मला वर उचललं. पान्ह्याच्या मागच्या टोकाने पत्रा ठोकत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. माझी अशी तपासणी कधी कोणी केली नव्हती. गुदगुल्याही होत होत्या आणि धाकधूकही.

"पत्रा खणखणीत आहे. इंजिन चांगलं आहे. पंपासोबत आतला पट्टाही बदलावा लागेल, त्याच्यावर कूलंट उडलंय, आणि खोलायचं काम एकदाच होईल. तीन शिकाऊंची फी धरा. पण रेडिएटर खालून झडायला लागलाय. दोन वर्षं काढेल, मग तोही खर्च आहे. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर मला बोल लावू नका."

"आमचे हे म्हणतील, गाडीच्या किमतीच्या निम्मा खर्च करणं म्हणजे वेडेपणा."

"विकायची असेल तर वेडेपणाच. चालवायची असेल तर असं बघा, तेवढ्या पैशात बाजारात दुसरी कुठली गाडी मिळेल? आणि तिच्यात काय दडलंय ते कोणाला माहीत? हिचं निदान मी आतून बाहेरून बघितलंय."

बाईंनी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. मग बाई म्हणाल्या, "अहो, रेडिएटर जाईल तेव्हा विकू, शब्द देते. पण आता नाही." फोन ठेवून त्या वळल्या. "करा सुरू. शनिवारपर्यंत होईल ना?"

झालं शनिवारी! नवा पंप, नवा पट्टा आणि नळाचं पाणी काढून टाकून भरलेलं ताजं गुलाबी कूलंट. रविवारभर आम्ही तिघी चढावर. काटा मध्यावर जो बसला तो हलला नाही. संध्याकाळी नवरा स्वतः येऊन टाकी बघून गेला, आणि कोणी बघत नाही असं पाहून माझ्या बॉनेटवर एक थाप मारली.

सोमवारी परीक्षक आला. पेन्सिलीसारखा बारीक, पेन्सिलीसारखाच गप्प. तो बाईंच्या जागी बसला, बाई फाटकापाशी उभ्या राहिल्या. आम्ही निघालो. वळण, उलटं घेणं, गाड्यांच्या मधे उभं करणं, सगळं पार पडलं. मग चढ आला. अर्ध्यावर तो म्हणाला, "थांबवा. आता पुन्हा सुरू करा."

मागे एक ट्रक येऊन चिकटला आणि हॉर्न वाजवायला लागला. परीक्षकाचा पाय दुसऱ्या ब्रेकवर अधांतरी. मावशींनी स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही. क्लच हळूहळू सोडला, माझा आवाज बदलला तिथे पाय रोखला, थोडा गॅस दिला, हातब्रेक खाली केला. आणि मी, सोळा वर्षांची म्हातारी, एक इंचही मागे न जाता वर चढले! परीक्षकाचा पाय ब्रेकला लागलाच नाही.

उतरताना त्याने फक्त एवढंच विचारलं, "कुठे कामाला होता तुम्ही?"

"तपासणीला," मावशी म्हणाल्या. "तुमच्यासारखीच."

दोन आठवड्यांनी एका दुपारी कोपऱ्यावर एक करडी गाडी येऊन थांबली. चालवत होत्या मावशी. शेजारी, कोणीतरी उचलून उशांच्या आधाराने बसवलेल्या, त्यांच्या कृश ताई होत्या. साडेपाच वाजून गेले होते आणि कोणाला कसलीच घाई नव्हती. मावशींनी काच खाली केली आणि ताईंना बोटाने मला दाखवलं. ताईंनी मला डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, किती छोटीशी आहे!"

कोणी मला जुनी म्हटलं नाही, याचाच मला इतका आनंद झाला!

आता आटोपतं घेते. माझ्याकडे आज नवा शिकाऊ आला आहे. दातांचा डॉक्टर. दिवसभर त्याचा हात हलत नाही म्हणे, पण गिअरवर ठेवला की पिंपळपानासारखा थरथरतोय. बाईंनी पट्टा लावलाय. तो चावी फिरवतोय, आता आम्ही रस्त्यावर येऊ आणि पहिल्याच चौकात बंद पडू, हे मी पैजेवर सांगते. एकच विनंती आहे. तेव्हा तुम्ही आमच्या मागे असलात तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. दहा सेकंद द्या. आम्ही निघतो.