डब्याला निवद

"लाथ घाल त्या डब्याला!" बिकलान काकू बांधावरून ओरडली, तसा मी हातातलं जाळं टाकून धावलो.

तिच्या तळ्यातले सबाही मासे वर येऊन तोंडं उघडीत होते. वारा साफ पडलेला, आभाळ कोंदलेलं. अशा हवेत पाण्यातला दम सरतो, हे आमच्या तैवानातल्या युनलिनच्या खाऱ्या किनारपट्टीत शेंबड्या पोरालाही कळतं. काकूची वर्षाची मासळी त्या एका तळ्यात होती आणि पाणी घुसळून हवा देणारं चाक बंद होतं.

ते चालू-बंद करायचं काम ताइपेईला शिकून आलेल्या तिच्या लेकानं, थेनशेंगनं, तळहाताएवढ्या संगणकाकडं दिलं होतं. खांबावरच्या डब्यात तो, त्याची बॅटरी आणि वर सोलरचं पॅनल.

"आई, हात लावू नगंस. उठतोय त्यो."

"सकाळधरनं उठतोयच! डोळा मिचकावतो, पुन्हा आडवा. दारुडा बरा याच्यापरीस."

तिचं खोटं नव्हतं. संगणक जागा झाला की आधी चाक बंद करी, मग पाणी तपासायला बसे. तपासून व्हायच्या आतच बॅटरी मान टाके अन् पुन्हा पहिल्यापासून.

"बॅटरी तर परवाच नवी घातली," थेनशेंग कपाळ पुसत म्हणाला.

मी शिडी लावून वर चढलो. पॅनलभर खाऊची हिरवी पाकिटं, दोरीनं करकचून बांधलेली. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'; म्हणून आमच्याकडं यंत्राजवळ त्याचं हिरवं पाकीट ठेवतात, बँकेतसुद्धा. पण पॅनल झाकून?

"काकू, हे कुणी केलं?"

"मीच. ह्योच म्हणाला, डबा तिथनं खातो. मग निवद तोंडापाशी नको व्हय?"

थेनशेंगच्या तोंडचं पाणी पळालं. मला काकूची कीव आली आणि त्याचा राग. आईला चार शब्द जास्त सांगितले असते तर काय जीभ झिजली असती?

"पाकिटं काढतो. आता उठंल त्यो," तो पुटपुटला.

"उठंल तवा उठंल! चाक सरळ विजेला जोड, मुडद्या!"

त्यानं जोडलं. चाक घुरघुरलं, फेस उडाला. हळूहळू एकेक तोंड मिटलं, मासे दिसेनासे झाले.

"गेलं बघ आई! खाली गेलं!" थेनशेंग नाचायला लागला.

काकू पाण्यावरची नजर काढीना. "मेलेलं मासंबी आदी खालीच जातं, बाबा. वर येतं ते दुसऱ्या दिशी."