ऊब बंद केल्यावर

मित्रांनो, दार नीट लागत नाही म्हणून ज्याला दोरीने बांधून ठेवलंय, ते बोळातलं कपाट म्हणजे मी. मी एक जुना इन्क्युबेटर आहे. काचेच्या बशांत जंतू वाढवायचे असले की त्या माझ्या पोटात ठेवतात आणि मी त्यांना ऊब देतो.

कारखान्यात माझ्या दुहेरी पत्र्यांमध्ये काचेची लोकर ठासून भरली, तळाशी तापणारी तार बसवली आणि मला एका प्रयोगशाळेत पाठवलं. माणसाच्या अंगाइतकी ऊब धरून ठेवायची, एवढंच माझं काम. रुग्णांचे नमुने माझ्याकडे येत आणि रातोरात बशा भरून जात. "याचा पारा जरासुद्धा हलत नाही," असं सगळे म्हणायचे. मी खूप भाव खाल्ला.

मग एक तरुण संशोधिका आली. ती डबे भरभरून गाळ आणायची, म्हणून बुरशीवर काम करणारे सर तिला चिखलताई म्हणत. गावामागच्या ओढ्यात रंगाच्या कारखान्याचं निळं पाणी यायचं आणि पुढच्या वळणावर ते फिकं व्हायचं. तळच्या गाळातले जंतू तो रंग खातात, असं तिचं म्हणणं होतं. पण पालिका तो गाळ उपसून तिथे काँक्रीट घालणार होती.

"खाणारे कोण ते डोळ्यांनी दाखव," विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "मग मी पालिकेशी भांडते. नुसत्या अंदाजावर नाही भांडता येत गं."

बशा मात्र कोऱ्याच राहिल्या. कोऱ्या बशा शुक्रवारी वाफेच्या भांड्यात टाकून निर्जंतुक करायच्या, हा तिथला रिवाज. दर शुक्रवारी ती मान खाली घालून त्या बाहेर काढायची.

"काय चिखलताई, पाहुणे आले नाहीत वाटतं?"

"येतील हो सर. रस्ता चुकले असतील."

एकदा ओढ्यात तिचा बूट गाळात रुतला आणि पाय थेट पाण्यात गेला. ती प्रयोगशाळेत आली ती एका ओल्या मोज्याने पच्च पच्च करत. माझं दार उघडून तिने आत हात घातला आणि कपाळावर मारून घेतला.

"अरे देवा! पाणी एवढं गार, आणि मी यांना ताप आणतेय!"

तिने माझं बटण बंद केलं. मित्रांनो, मला फार लागलं. ऊब काढून घेतली तर माझ्यात उरतं काय? तिने माझ्या पोटात बर्फाच्या बाटल्या रचल्या. बशांतल्या जेलीत पौष्टिक खुराकाऐवजी ओढ्याचंच पाणी आणि कारखान्याचा निळा रंग घालून बशा केल्या. काचेच्या लोकरीने तो गारवा धरून ठेवला. बाटल्या बदलायला ती सुट्टीच्या दिवशीही यायची. नवरा हेल्मेट घेऊन दारात उभा.

"घरच्या फ्रीजमध्ये भाजीला जागा नाही, सगळा बर्फच बर्फ! हे जंतू आपले जावई आहेत का?"

"हळू बोल. ऐकतील."

शुक्रवार आला. बशा निळ्याच. सरांना कप्पा हवा होता. "नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. ती माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "सर, थंडीत, अर्धपोटी वाढणारे जीव आहेत हे. यांना शुक्रवार कळत नाही." सर गुरगुरले, पण गेले.

आणखी बराच काळ गेला. उपसणीची यंत्रं ओढ्याकाठी येऊन उभी राहिली. त्याच सकाळी तिने एक बशी उजेडात धरली. निळ्या थरात मोहरीहून बारीक ठिपके होते आणि प्रत्येकाभोवती स्वच्छ, रंगहीन कडं. ती बशी छातीशी धरून धावत सुटली. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि फोन उचलला. वळणाजवळचा गाळ वाचला.

पुढे तिने अनेक ओढे, खाणी, कचऱ्याचे ढीग पालथे घातले. आता तिचे केस पिकले आहेत. नवी यंत्रं स्वतःच गार होतात, तेव्हा मला बोळ मिळाला. माझी तार गंजली आहे, दारात जुनी खोकी साठली आहेत. तक्रार नाही, पण कुणी धूळ पुसली तर बरं वाटेल.

मित्रांनो, एखाद्या जिवाची काळजी घ्याल तेव्हा आपल्याकडे आहे तेच त्याच्यावर लादू नका. आधी त्याच्या पाण्यात पाय घालून बघा.