एका हट्टासाठी नवस

लोक देवाकडे काय काय मागतात. पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने हट्ट मागितला. तोही साधासुधा नाही, चांगला पाय आपटून केलेला.

त्याचं असं झालं. तिने आणि तिच्या घड्याळजी नवऱ्याने बालगृहातून सहा वर्षांची लेक घरी आणली, आणि लेक निघाली फारच गुणी. ताटात पडेल ते खायची, न सांगता पांघरुणाची घडी घालायची, पेला हिंदकळला तरी "सॉरी" म्हणायची. शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंत हो!" नवरा कौतुकाने तिला 'पाहुणी' म्हणायचा, आणि नेमकं तेच बाईच्या काळजात रुतायचं. पाहुणी म्हणजे आज ना उद्या जाणारी.

दुकानातलं पालकत्वाचं कपाट बाईकडेच होतं. तिने ते अख्खं वाचून काढलं. हट्ट मोडावा कसा यावर ढीगभर पुस्तकं, पण पोरीला हट्ट करायला लावावं कसं यावर एक पान नाही! शेवटी बालपण आणि श्रद्धा यांवरच्या एका जाडजूड पुस्तकात तिला सापडलं, की समजूत काढायला कुणीतरी येईलच अशी श्रद्धा जिथे असते, तिथेच मूल रुसतं. म्हणजे पोरीचा आपल्यावर अजून भरवसा बसलेला नाही. बाईला रडूच फुटलं.

देवाशी तिचं तसं फारसं जाणं-येणं नव्हतं. तरी ओट्यापाशी उभ्या उभ्या तिने हात जोडले. "देवा, एकदा तरी पोरगी माझ्यावर चिडू दे. जास्त काही मागत नाही."

रविवारी दुपारी ती तेच पुस्तक घेऊन पलंगावर बसली होती. लेक चित्र दाखवायला आली.

"हं, छान," बाई पानावरून नजर न काढता म्हणाली.

"बघ ना!"

"एवढं पान संपू दे हं, राणी."

पुस्तक हातातून हिसकावलं गेलं आणि थेट कपाटाखाली जाऊन पडलं. "सारखं पुस्तक! सारखं सारखं पुस्तक! मी चित्र काढलंय ना!" पोरीने पाय आपटले, जमिनीवर फतकल मारली आणि असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

मग ती एकदम गप्प झाली. चेहरा उतरला. "आता मला परत पाठवणार?"

बाई तिच्यासमोर खाली बसली. "अजिबात नाही. पण पुस्तक तू फेकलंस, तर तूच काढायचं."

पोरीने तिला नीट निरखून पाहिलं. बाहीला नाक पुसलं.

"नाही काढणार, जा!" आणि पुन्हा सूर लावला, पहिल्यापेक्षा वरचा.

नवरा डोळ्याला भिंग लावलेलाच धावत आला. बघतो तर पोरगी हातपाय झाडतेय आणि बायको तिला कवटाळून हसतेय, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अगं, पाहुणीला झालं काय?"

"पाहुणी कोण?" बाई म्हणाली. "ही आपली हट्टी कार्टी आहे."

चित्र मग तिघांनी मिळून पाहिलं. त्यात आई होती, तोंडाच्या जागी पुस्तक असलेली. खरं पुस्तक मात्र अजून कपाटाखालीच आहे. पोरगी काढत नाही, आणि झाडताना बाईही तेवढी जागा सोडून झाडते.